ब्लिझर्ड १२३०-फोर: ऑसिलेटर बदलून पन्नासाचे छप्पन्न

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. अमिगा १२०० या जुन्या घरगुती संगणकासाठीचं ब्लिझर्ड १२३०-फोर हे ॲक्सिलरेटर (वेग वाढवणारं) कार्ड हातात असेल, सोल्डरिंगची सवय असेल, तर त्यावरचा ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे प्रोसेसरला क्लॉकचे ठोके देणारा भाग, काढून ५६ चा बसवा. खर्च थोडा आहे, फायदा खरा आहे आणि तो रोज जाणवतो. ६० चा मोह मात्र सोडा. त्यामागचं कारण प्रोसेसर नाही, मेमरी आहे, आणि हे लिहायला बसले ते मुख्यतः एवढं सांगण्यासाठीच.

मी मूळची सांगलीची. बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे सोल्डरच्या वासातच वाढले. आता फ्रँकफुर्टजवळ राहते आणि मोजमापाच्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत काम करते. सांगलीत अमिगा कधी पाहिलाच नव्हता. आमच्याकडे संगणक म्हणजे एकदम पीसीच. जर्मनीत मात्र नव्वदच्या दशकात अमिगा घराघरांत होता, आणि माळ्यावरून, तळघरातून तो अजून बाहेर येतो. हे कार्ड बनवणारी फेज फाइव्ह ही कंपनीही फ्रँकफुर्टचीच, २००० साली बंद पडलेली. माझं कार्ड एका निवृत्त गृहस्थांकडून मिळालं. मूळ मॅन्युअलसकट, स्थिरविद्युतरोधी पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेलं.

कार्डाबद्दल थोडं. १९९२ चा अमिगा १२०० येतो मोटोरोला ६८ईसी०२० प्रोसेसरसह, आणि तो पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनवर १४.१८ मेगाहर्ट्झला चालतो. सोबत २ मेगाबाइट चिप रॅम, जी चित्र आणि आवाजाच्या चिपांबरोबर वाटून घ्यावी लागते. ब्लिझर्ड मशीनच्या पोटातल्या झाकणाआड बसतं आणि ५० मेगाहर्ट्झचा ६८०३० देतं. त्यात मेमरी मॅनेजमेंट युनिट आहे, सूचनांसाठी २५६ आणि डेटासाठी २५६ बाइटची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, आहे. वर ७२ पिनी सिमची (रॅमच्या सुट्या पट्टीची) एक जागा, ६८८८२ या गणिती सहप्रोसेसरसाठी सॉकेट आणि बॅटरीवर चालणारं घड्याळ. मॅपरॉमची सोय केली की किकस्टार्ट, म्हणजे अमिगाची रॉममधली मूळ प्रणाली, रॉममधून फास्ट रॅममध्ये (फक्त प्रोसेसरच्या वाट्याच्या, कार्डावरच्या मेमरीत) उतरतो आणि सगळी यंत्रणा चपळ होते. आणखी एक सुंदर गोष्ट: मशीन सुरू करताना कीबोर्डवर २ चं बटण दाबून धरलं की कार्ड बाजूला होतं आणि मूळचा ०२० जागा होतो. क्लॉकचे प्रयोग करणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. मशीन अडकलं तर दोष कार्डात आहे की खालच्या बोर्डात, हे एका बटणात कळतं.

जुन्या हार्डवेअरमध्ये नीटनेटकेपणा शोधणाऱ्यांना हे कार्ड आवडेल. ट्रॅक स्वच्छ, चिपांची मांडणी विचारपूर्वक, भरताड कुठेच नाही.

आता ऑसिलेटर. ६८०३० ला जो क्लॉक देता, त्याच वेगाने तो चालतो. आत दुप्पट करणं, निम्मं करणं असा प्रकार नाही. म्हणजे पत्र्याच्या डबीवर ५० लिहिलंय म्हणून प्रोसेसर ५० वर आहे, आणि डबी बदलली की वेग बदलला. पण त्याच ठोक्यावर कार्डावरचा मेमरी नियंत्रकही चालतो. रॅमला पत्ता कधी द्यायचा, उत्तर कधी उचलायचं, हे तो घड्याळ बघून ठरवत नाही, ठोके मोजून ठरवतो. दिंडीत मृदंगाची लय वाढवली की सगळेच भरभर पाऊल टाकतात, आणि मागे पडतो तो ज्याच्यात मुळात कमी दम आहे तो. कार्डावर तो म्हणजे सिम.

आकड्यांत बघा. ५० मेगाहर्ट्झला एक ठोका २० नॅनोसेकंदांचा. ५६ ला १७.९. ६० ला १६.७. समजा नियंत्रक एका वाचनासाठी चार ठोके थांबतो. ५० वर रॅमला ८० नॅनोसेकंद मिळाले, ५६ वर ७१, ६० वर जेमतेम ६७. सिमवर ६० नॅनोसेकंद लिहिलेलं असलं तरी मधल्या लॉजिक चिपा आणि बफर आपला वाटा घेतातच. शिवाय सिलिकॉन तापलं की मंदावतं. ६७ मधून हे सगळं वजा केलं की हाती काही उरत नाही. प्रोसेसरचंही तसंच आहे. ५० हा मोटोरोलाने ६८०३० ला दिलेला सर्वांत वरचा वेग, त्याच्या वरचं जे मिळेल ती त्या चिपेची स्वतःची चांगुलपणाची शिल्लक.

ऑसिलेटर कुठला घ्यायचा यावर जरा थांबते, कारण खरेदीत चुका इथेच होतात. कार्डाला लागतो तो पत्र्याच्या डबीतला तयार ऑसिलेटर, ज्याला फक्त वीज दिली की चौकोनी लहर बाहेर येते. दोन पायांचा क्रिस्टल इथे चालत नाही, मग त्यावर आकडा कुठलाही असो. डबी दोन आकारांत मिळते: १४ पिनी चिपेच्या मापाची लांबट आणि ८ पिनी मापाची चौरस. पाय दोन्हींना चारच. लांबट डबीत १ क्रमांकाचा पाय रिकामा किंवा चालू-बंदचा, ७ जमिनीचा (ग्राउंडचा), ८ वर लहर आणि १४ वर पाच व्होल्ट. ज्या कोपऱ्याला गोलाई नसते, टोकदार असतो, तो पाय पहिला. लांबट जागेत चौरस डबी तशीच बसत नाही, पायांचं अंतर निम्मं आहे.

व्होल्टेज नीट वाचा. हल्ली निघणारे बरेच ऑसिलेटर ३.३ व्होल्टचे असतात आणि दिसायला हुबेहूब सारखे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी पाच व्होल्टचे म्हणून मागवले, पाकिटावर तसं छापलंही होतं, आणि डबीवरच्या क्रमांकावरून डेटाशीट काढली तर ते निघाले ३.३ चे. पाच व्होल्टवर लावले असते तर मेलेच असते. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण उत्तर यायला बरेच दिवस लागले. तेव्हा डबी हातात आली की क्रमांक शोधा, मगच लावा.

दुसरी गोष्ट ड्यूटी सायकल. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली, याचं प्रमाण. स्वस्त ऑसिलेटरवर ४०/६० ची हमी असते, चांगल्यावर ४५/५५ ची. १४ मेगाहर्ट्झच्या मशीनला फरक पडत नाही, पण इथे अर्धा ठोकाच नऊ नॅनोसेकंदांचा आहे. ४५/५५ चाच घ्या.

मी दोन प्रकार वापरून पाहिले. पहिला, एप्सनचा एसजी-८००२ मालिकेतला प्रोग्रॅम करता येणारा. त्यात सुटे भाग विकणारे मोठे वितरक तुम्ही सांगाल तो आकडा भरून देतात, एकपासून सव्वाशे मेगाहर्ट्झपर्यंत. व्होल्टेजही मागताना ठरवायचं. पायऱ्या चढत कार्डाची मर्यादा शोधायला याच्यासारखं काही नाही: ५४, ५६, ५८, ६०, हवं ते मागवा. त्याच्या आत फेज लॉक्ड लूप (हवा तो वेग तयार करणारं सर्किट) असतो, म्हणून प्रत्येक ठोका अगदी सारखा नसतो, किंचित मागेपुढे होतो. ऑसिलोस्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) ते दिसलं, पण कार्डाला त्याचा त्रास झालेला मला दिसला नाही. दुसरा, ठरावीक ५६ मेगाहर्ट्झचा साधा डबीवाला. लहर जास्त स्वच्छ, किंमत कमी. शोधासाठी पहिला आणि कायमसाठी दुसरा, असं माझं मत झालं आहे.

महाराष्ट्रातून कोणी आपल्या जुन्या बोर्डासाठी शोधत असेल तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आधी पालथे घाला. नवीन ५६ चा तिथे मिळेलच असं नाही, पण जुन्या पीसीच्या कार्डांवरून काढलेले पाच व्होल्टचे डबीवाले भंगाराच्या भावात मिळतात, आणि त्या काळचं बहुतेक पाच व्होल्टचंच असल्यामुळे व्होल्टेजची काळजी निम्मी होते.

काढण्याचं काम. माझ्या कार्डावर डबी थेट बोर्डात सोल्डर केलेली होती. बोर्ड अनेक थरांचं आहे, आणि जमिनीचा पाय आतल्या तांब्याच्या पूर्ण पत्र्याला जोडलेला असतो, त्यामुळे तिथे कितीही उष्णता द्या, ती पसरून जाते. अशा वेळी जोर लावला की भोकातली तांब्याची नळीच उपटून येते आणि कार्ड कायमचं जखमी होतं. मी जुना ऑसिलेटर वाचवायचा विचारच केला नाही. डबीच्या खाली बारीक कटर घालून चारही पाय कापले, डबी उचलली आणि मग एकेक पाय वेगळा काढला. आधी ताजं ६३/३७ सोल्डर लावायचं, म्हणजे जुनं लवकर वितळतं. मग सोल्डरिंग आयर्नचं रुंद टोक, चिमट्याने पाय अलगद वर, आणि भोक पंपाने साफ. जमिनीच्या भोकासाठी खालून गरम हवा दिली. कार्ड दुर्मिळ आहे, ऑसिलेटर नाही.

या टप्प्यावर व्हिडिओ कॉलवर बाबा होते. त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, "अगं, सॉकेट बसवतेस ते ठीक, पण झाकण बसेल का त्यावर? उंची मोजलीस?" त्यांचं बरोबर होतं. अमिगा १२०० च्या पोटातली जागा उथळ आहे. नेहमीचं सॉकेट आणि त्यावर पूर्ण डबी, एवढी उंची तिथे परवडत नाही. बाबा म्हणाले, "गोल पिनांची पट्टी घे, त्यातल्या सुट्या पिना काढ आणि भोकातच बसव. सॉकेटची काया नकोच." तसंच केलं. गोल पिना प्लास्टिकमधून ढकलून मोकळ्या केल्या, चार भोकांत चार बसवल्या, आणि डबी बोर्डापासून जेमतेम दोन मिलिमीटर वर राहिली. झाकण सहज बसतं. डबीखाली कागदी टेपचा तुकडा लावा, पत्रा खालच्या ट्रॅकवर टेकायला नको. वीज देण्यापूर्वी मीटरने पाच व्होल्ट आणि जमीन या दोन पिना तपासल्या, कारण डबी उलटी बसली की तिचा शेवटच.

६० वर काय झालं ते सविस्तर सांगते. थंड मशीन सुरू केलं की सगळं ठाकठीक. वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) येतो, वेग मोजणारा सिसइन्फो हा प्रोग्रॅम वाढलेला वेग दाखवतो, खिडक्या सरसर उघडतात. इथे थांबून लोक "माझं कार्ड ६० ला चालतं" असं जाहीर करतात. मी रॅम डिस्कवर (मेमरीतच बनवलेल्या डिस्कवर) एलएचए या फाइली दाबून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं एक मोठं अर्काइव्ह ठेवलं आणि त्याची तपासणी पुन्हापुन्हा चालवत ठेवली. एलएचए प्रत्येक फाइल उलगडून तिचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळवतो, त्यामुळे मेमरीतला एक बिट जरी हलला तरी तो ओरडतो. साधारण अर्ध्या तासाने सीआरसीच्या चुका सुरू झाल्या, आणि पुढे लाल चौकटीत सॉफ्टवेअर फेल्युअर.

दोष प्रोसेसरचा की मेमरीचा? ६८०३० वर छोटा उष्णताशोषक चिकटवून पंखा लावला, तरी चुका तशाच. पंखा सिमकडे वळवला आणि चुका थांबल्या. पंखा बंद केला, सिम तापली, चुका परत. दुसऱ्या कंपनीच्या चिपांची ६० नॅनोसेकंदांची सिम लावली तर तासभर टिकली, मग तीही हरली. उत्तर याहून स्पष्ट मिळणार नाही. प्रोसेसर ६० ला तयार आहे, मेमरीचं वेळापत्रक नाही. आणि बंद डब्यात, हार्ड डिस्कच्या शेजारी, उन्हाळ्यात, पंख्याशिवाय चालणाऱ्या मशीनला मी हा वेग देणार नाही. अशी चूक मशीन बंद पाडेल तर एक वेळ परवडलं, पण ती गुपचूप हार्ड डिस्कवर लिहिली गेली तर महिन्यांनी कळतं.

५६ वर तीच तपासणी रात्रभर चालवली, झाकण बंद करून, दोन्ही सिमांवर. एकही चूक नाही. त्यानंतर उन्हाळा गेला, मशीन जवळजवळ रोज वापरात आहे. ५८ ही टिकत होतं, पण ५६ आणि ५८ मध्ये हाताला काही फरक जाणवत नाही, मग काठावर कशाला उभं राहायचं?

फायदा किती? क्लॉक बारा टक्क्यांनी वाढला आणि मेमरी त्याच ठोक्यावर असल्यामुळे ज्या कामात फक्त प्रोसेसर आणि फास्ट रॅम गुंतलेले आहेत, तिथे जवळजवळ पूर्ण बारा टक्के मिळतात. जी तपासणी ५० वर साडेनऊ मिनिटं घ्यायची, ती आता साडेआठला संपते. जेपेग उघडणं, अर्काइव्ह सोडणं, कंपाइल करणं, सगळीकडे तेवढीच वाढ. साडेनऊचे साडेआठ म्हणजे थोडंच, असं वाटेल. पण या मशीनवर मी सी भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहिते, आणि दिवसातून अनेकदा होणाऱ्या थांब्यांतला प्रत्येक थोडा कमी झाला की लिहिण्याची लय तुटत नाही.

जिथे फायदा नाही, तेही नीट सांगायला हवं. चिप रॅम मशीनच्या मूळ घड्याळाला बांधलेली आहे, आणि तिकडे लिहिण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मेगाबाइटच्या वर जात नाही, प्रोसेसर कितीही धावो. त्यामुळे पडद्यावर भरपूर चित्र ढकलणारे खेळ जसे होते तसेच राहतात. त्रिमिती खेळांत जिथे हिशेब जास्त आणि रंगकाम कमी, तिथे थोडी वाढ दिसते. ज्यांनी केवळ खेळांसाठी कार्ड घेतलंय, त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवू नये.

६८८८२ लावलेला असेल तर आणखी एक तपासा. या सहप्रोसेसरची कमाल मर्यादाही ५० मेगाहर्ट्झच आहे. त्याचा क्लॉक प्रोसेसरपेक्षा वेगळा असला तरी त्याला चालतं, दोघांचं बोलणं ठोक्यांवर अवलंबून नाही. तुमच्या कार्डावर त्याला क्लॉक कुठून मिळतोय हे स्कोपने बघा. मुख्य ऑसिलेटरवरूनच मिळत असेल तर तोही ५६ वर जाणार, आणि त्याची चाचणी वेगळी घ्यावी लागेल. केवळ पूर्णांकांच्या तपासणीत त्याचा दोष दिसणार नाही, मँडेलब्रॉटच्या गणिती चित्रासारखं दशांशांचं काम रात्रभर चालवा आणि चित्रं एकमेकांशी जुळवा.

आणि खालचं मशीन. अमिगा १२०० चे सर्फेस माउंट कपॅसिटर गळतात, हे सर्वांना ठाऊक आहे, ते बदललेले नसतील तर आधी बदला. १डी.४ आवृत्तीच्या बोर्डावर ई१२३सी आणि ई१२५सी हे दोन छोटे कपॅसिटर काढल्याशिवाय बरीच ॲक्सिलरेटर कार्डं ५० वरही रुसतात. मूळ २३ वॅटचा वीजपुरवठा कार्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही ओढताना दमतो, पाच व्होल्टची रेषा खाली बसते, आणि मग चुका क्लॉकच्या नावावर जातात. अमिगा ५०० चा जुना जड पुरवठा पाच व्होल्टवर साडेचार अँपिअर देतो आणि तोच प्लग बसतो. मी तो वापरते. कार्डापाशी मोजून ४.९ च्या वर मिळायला हवेत. जुनं कार्ड विकत घेताना घड्याळाच्या बॅटरीभोवती हिरवट डाग आहेत का तेही भिंगातून बघा. ते असतील तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या.

याच मालिकेतल्या ६८०६० प्रोसेसरच्या ब्लिझर्ड १२६० वाल्यांसाठी एक ओळ: तिथे ६८०६० चा सहावा रिव्हिजन, म्हणजे चिपेवर ७१ई४१जे हा मास्क क्रमांक असेल, तर चिपेत पुष्कळ जास्त दम आहे आणि ६६ मेगाहर्ट्झ ही सामान्य उडी समजली जाते. पण तपासणीची पद्धत हीच, आणि पंखा सिमवर फिरवून बघण्याचा उपायही हाच.

कार्डाला माझ्याकडून पाचपैकी पाच. एप्सनच्या प्रोग्रॅम होणाऱ्या ऑसिलेटरला चार, एक गुण ठोक्यांतल्या थरथरीसाठी कापला. ठरावीक ५६ मेगाहर्ट्झ, पाच व्होल्ट, ४५/५५ च्या डबीला पाच. मागवताना दोन मागवा, पाय वाकवताना एखादा काचेच्या मण्यापाशी तडकतो आणि टपालखर्च एकाला आणि दोनांना सारखाच लागतो.